मोझांबिकच्या झेंड्यावरची बंदूक : पार्श्वभूमी

२५ जून ही तारीख मोझांबिकच्या इतिहासात दोनदा येते. १९६२ मध्ये या दिवशी दार-एस-सलाममध्ये मुक्ती आघाडी (फ्रेलिमो, पुढे सत्ताधारी झालेला पक्ष) स्थापन झाली आणि १९७५ मध्ये याच दिवशी देश पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. हा योगायोग नव्हता. पोर्तुगाल आणि आघाडी यांच्यातल्या ७ सप्टेंबर १९७४ च्या लुसाका करारात स्वातंत्र्याची तारीख ठरली, ती आघाडीच्या वर्धापनदिनाचा उल्लेख करूनच. पक्षाचा आणि राष्ट्राचा जन्मदिवस एकच ठरला तेव्हापासून तिथल्या प्रत्येक राष्ट्रीय चिन्हाच्या मागे एकच प्रश्न लागलेला आहे: हे देशाचं की पक्षाचं?

सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहिलं तरी हे कळतं. ३ फेब्रुवारी हा वीरदिन, कारण १९६९ मध्ये त्या दिवशी आघाडीचे पहिले अध्यक्ष पार्सलमधल्या बॉम्बने मारले गेले. २५ सप्टेंबर सैन्यदलाचा, कारण १९६४ मध्ये त्या दिवशी सशस्त्र लढा सुरू झाला. १९८० मध्ये एस्कुदो जाऊन मेटिकल हे चलन आलं, तेही १६ जूनला, म्हणजे पोर्तुगिजांनी मुएडात केलेल्या हत्याकांडाला वीस वर्षं पूर्ण होत असताना. राजधानीचं लोरेन्सो मार्केस हे नाव बदलून मापुतो झालं. 'रोवूमापासून मापुतोपर्यंत' ही घोषणा तर उत्तर-दक्षिण सगळा देश एका दमात सांगते. राष्ट्र जन्मायचं तर जमात मेली पाहिजे, असं त्या काळी उघडपणे बोललं जाई. राजभाषा म्हणून पोर्तुगीज ठेवली गेली, तीही याच हिशेबाने.

जुन्या इतिहासातून काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे मापुतोच्या किल्ल्यात एका जागी दिसतं. १८९५ मध्ये मोझांबिकच्या दक्षिणेतल्या गाझा राज्याच्या शेवटच्या राजाला कैद करणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचा अश्वारूढ पुतळा स्वातंत्र्यानंतर चौकातून हलवून या किल्ल्यात आणला गेला. राजाला अझोर्स बेटांवर नेलं होतं, तो १९०६ मध्ये तिथेच वारला. स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, १९८५ मध्ये, त्याचे अवशेष समारंभाने परत आणले. कोरीव लाकडी शवपेटीत ते याच किल्ल्यात ठेवले आहेत. पकडणारा आणि पकडला गेलेला दोघंही एकाच तटबंदीच्या आत. पण दक्षिणेतल्या चोपींसारख्या समाजांना हा राजा वसाहतवादाशी लढणारा वीर म्हणून आठवत नाही, आपल्यावर चाल करून आलेला राज्यकर्ता म्हणून आठवतो. त्यांना विचारून हे स्मारक उभं राहिलं नव्हतं.

आपल्याकडचा धागाही इथे आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मोझांबिकमधल्या भारतीयांना पोर्तुगिजांनी छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता जप्त केली. पुढे मुक्ती आघाडीच्या वरच्या फळीत गोमंतकीय वंशाची माणसंही होती.

आता झेंडा. १९७५ चा झेंडा वेगळा होता, त्यात वरच्या कोपऱ्यातून रंगांचे तिरपे पट्टे पसरत. आजचा आला १ मे १९८३ ला. हिरवा, काळा, पिवळा असे आडवे पट्टे, मधे पांढऱ्या रेघा, काठीकडे लाल त्रिकोण. ही मांडणी मुक्तिलढ्यात आघाडीने वापरलेल्या झेंड्याचीच. त्रिकोणात पिवळा तारा, त्यावर उघडं पुस्तक, आणि पुस्तकावर एकमेकींना छेदणारी कुदळ आणि एके-४७, तीही संगीन लावलेली. पुस्तक शिक्षणाचं, कुदळ शेतकऱ्याची, बंदूक संरक्षण आणि दक्षतेची, असा सरकारी अर्थ.

हा झेंडा फडकू लागला तेव्हा आघाडीचं सरकार आणि बंडखोर रेनामो यांच्यातली यादवी ऐन भरात होती. १९७७ ते १९९२ या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली असं मानलं जातं आणि तीच बंदूक दोन्ही बाजूंच्या हातात होती. १९९० च्या राज्यघटनेने देशाच्या नावातला 'लोक' हा शब्द काढला, बहुपक्षीय पद्धत आणली. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोममध्ये तह झाला, १९९४ मध्ये निवडणुका झाल्या. झेंडा तसाच राहिला.

राष्ट्रगीताचं मात्र वेगळं झालं. जुन्या गीतात पक्षाच्या नावाचा जयघोष होता. बहुपक्षीय संसदेत ते गाणं अवघडच, म्हणून बरीच वर्षं नुसती धून वाजत राहिली आणि २००२ मध्ये नवं गीत आलं. त्यात पक्ष नाही.

झेंड्याची पाळी २००५ मध्ये आली. विरोधकांच्या आग्रहामुळे नव्या झेंड्यासाठी आणि राजचिन्हासाठी स्पर्धा झाली, शंभराहून जास्त नमुने आले. वर्षअखेरीस संसदेतल्या बहुमताने ते सगळे बाजूला सारले. सत्ताधाऱ्यांचं म्हणणं असं की बंदूक काढणं म्हणजे दहा वर्षं लढलेल्यांना पुसणं. शिवाय विरोधी पक्ष झालेल्या रेनामोचा उगम ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्यात, मग दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीचा त्याला पाठिंबा. अशांनी स्वातंत्र्याचं चिन्ह का ठरवावं? या म्हणण्यात तथ्य आहे. पण १९९४ पासून त्याच पक्षाला लाखो लोकांनी मतं दिली, आणि तेही मोझांबिकचेच नागरिक. हरलेल्या बाजूची गावं ज्या बंदुकीने जळली, तीच सलाम करायच्या झेंड्यावर असावी, हा आग्रह मला पटत नाही.

आणि देशात दुसरं काहीतरी आधीच सुरू झालं होतं. १९९५ पासून चर्चच्या एका परिषदेने लोकांकडची शस्त्रं जमा करून बदल्यात कुदळी, शिवणयंत्रं, सायकली द्यायला सुरुवात केली. मोडलेल्या बंदुकांपासून कलाकारांनी खुर्च्या, झाडं, प्राणी घडवले. त्यातली एक खुर्ची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झेंड्यावर कुदळ आणि बंदूक शेजारी शेजारी; गावात मात्र बंदूक द्या, कुदळ घ्या. नव्या झेंड्याचा नमुना शोधायला स्पर्धेचीही गरज नव्हती.

२०२४ च्या निवडणुकीनंतर निकाल अमान्य करणारे लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते, गोळीबारात बळी गेले. त्या निदर्शनांत सरकारविरोधी जमाव राष्ट्रगीत म्हणत होता, २००२ चंच. कोणताही जुलमी आम्हाला गुलाम करू शकणार नाही, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. १९७५ चं गीत त्यांच्या तोंडी येणं शक्यच नव्हतं. मार्च २०२५ मध्ये राज्यघटना आणि निवडणूक कायद्यातल्या सुधारणांसाठी पक्षांमध्ये करार झाला. २००५ मध्ये बाजूला सारलेला विषय त्या चर्चेत घ्यायला हवा, आणि या वेळी त्याचा निर्णय फक्त संसदेतल्या बहुमतावर सोडू नये.