आकडे म्हणणे आणि मोजता येणे

खानदेशात तीन वर्षांच्या मुलाने एक ते दहा आकडे एका दमात म्हटले, की घरचे कौतुकाने सांगतात, "आमना पोऱ्याले मोजता येस." त्याच मुलापुढे चिंचोके पसरून "मला तीन दे" म्हटले, तर ते मूठ भरून देते. आकडे म्हणणे हे पाठांतर झाले. मोजणे म्हणजे प्रत्येक चिंचोक्याला एकच आकडा देणे आणि शेवटी उच्चारलेला आकडा त्या एका चिंचोक्याचा नसून सगळ्यांचा मिळून आहे, हे उमगणे. पाच चिंचोके बोटाने नीट मोजलेल्या मुलाला लगेच "मग किती झाले?" असे विचारले, तर ते पुष्कळदा "पाच" म्हणण्याऐवजी पुन्हा एकपासून सुरुवात करते.

मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास दाखवले, की मुलांना आधी 'एक'चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा, आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास मोजण्याचे मर्म हाती लागते.

आकडे पाठ होणे आणि त्यांचा अर्थ कळणे, या दोन्ही गोष्टींना भाषा हातभार लावते, पण वेगवेगळ्या ठिकाणी. अर्थाला मदत होते ती व्याकरणाची. स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन आहे आणि ते ऐकत वाढणाऱ्या मुलांना 'दोन'चा अर्थ इंग्रजी मुलांपेक्षा लवकर कळतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. संस्कृतातले द्विवचन मराठीत उरले नाही, तरी "एक चिंचोका पडला, दोन चिंचोके पडले" यात नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. 'दगड'सारखे नाम तसेच राहिले, तरी 'पडला' आणि 'पडले' हा भेद मुलाच्या कानावर पडतोच.

पाठांतराला मदत होते ती आकड्यांच्या नावांच्या घडणीची. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात. तिथली आणि अमेरिकेतली मुले दहापर्यंत सारखीच चालतात, फरक पडतो तो दहाच्या पुढे. आपल्याकडे 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना दोन, शिवाय 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले आणि मोठा वाद झाला, तो या नावांविषयी होता; तीन वर्षांच्या मुलाची अडचण त्याच्या फार आधीच्या टप्प्यावरची आहे. म्हणून अंगणवाडीत वीसपर्यंत म्हणून घेण्याआधी "दोन चिंचोके दे, आता अजून एक दे, किती झाले?" एवढे रोज विचारावे, असे मला मनापासून वाटते.