टाउनशिपमध्ये सायकल केंद्र काढायचंय? दक्षिण आफ्रिकेतली नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

केप टाउनच्या खायेलित्शासारख्या टाउनशिप म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना शहरापासून लांब ढकलून वसवलेल्या वस्त्या. कामाची ठिकाणं आजही दूर, त्यामुळे मजुरीतला मोठा वाटा मिनीबस-टॅक्सीच्या भाड्यात जातो. सरकारने 2001 मध्ये ‘शोवा कालुला’ योजनेतून लांबवर पायी शाळेत जाणाऱ्या मुलांना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे ‘कुबेका’सारख्या संस्थांनी झाडं वाढवण्यासारख्या कामाच्या बदल्यात सायकल मिळवायची पद्धत आणली. पण सायकल वाटली की पंक्चर काढणाराही लागतो. चाकाचा आउट काढणं (लचकत फिरणारं चाक सरळ करणं), हबचे छरे बदलणं, फ्रीव्हील उतरवणं ही कामं वस्तीतल्या पोरांना शिकवली तर त्यांचा रोजगार तिथेच उभा राहतो. असं केंद्र काढणाऱ्यांत तिकडची मराठी मंडळी असतील, किंवा इथून कोणाला मदत पाठवण्याआधी त्या संस्थेचे कागद वाचायचे असतील, तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

आधी ठरवा, पैसा कोणाचा

बहुतेक जण थेट एनपीओ (म्हणजे ना-नफा संस्था) नोंदणीच्या अर्जाला हात घालतात. माझ्या मते आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: वर्षअखेरीला चार पैसे उरले तर ते कोणाचे?

1997 च्या ना-नफा संस्था कायद्याखाली (कायदा क्र. 71) नोंदलेल्या संस्थेत शिल्लक सभासदांना वाटता येत नाही. केलेल्या कामाचा वाजवी मोबदला देता येतो, तेवढंच. म्हणजे दुरुस्ती करणारी पोरं पगारी नोकर होतील, मालक नाही. त्यांना मालक करायचं असेल तर सहकारी संस्था बरी. 2005 च्या सहकार कायद्यानुसार (क्र. 14) किमान पाच व्यक्ती लागतात. आपल्याकडे दहा लागतात, त्या मानाने सोपं. शिल्लकीतला किमान पाच टक्के राखीव निधीत टाकावा लागतो, उरलेल्याचं काय करायचं ते सभासद ठरवतात. ही नोंदणी सीआयपीसी या कंपनी निबंधक कार्यालयात होते. मात्र देणगीदार सहकारी संस्थेकडे सहसा फिरकत नाहीत, हे गृहीत धरा. म्हणून प्रशिक्षण एनपीओकडे आणि दुकान सहकारी संस्थेकडे अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. फक्त दोघांची बँक खाती आणि हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

एनपीओ नोंदणी

ही समाजविकास खात्याकडे होते आणि शुल्क नाही. ‘लवकर करून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला सरळ नकार द्या. अर्जदार संस्था तीनपैकी कोणत्याही प्रकारची चालते: लिखित घटना असलेली स्वयंसेवी संघटना, उच्च न्यायालयाच्या ‘मास्टर’ या अधिकाऱ्याकडे नोंदलेला ट्रस्ट, किंवा किमान तीन संचालकांची ना-नफा कंपनी. वस्तीतल्या छोट्या गटाला पहिला प्रकार पुरतो.

अर्जाबरोबर संस्थेची घटना आणि पदाधिकाऱ्यांची माहिती लागते. ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती तयार ठेवा. पोलीस ठाण्यात साक्षांकन फुकट होतं. अर्ज अडतो तो बहुधा घटनेवर. उत्पन्न सभासदांत वाटलं जाणार नाही, माणसं बदलली तरी संस्था टिकेल, सभा आणि गणपूर्ती कशी, व्यवहार बँक खात्यातून होतील, आर्थिक वर्ष कधी संपतं, हे सगळं त्यात हवंच. विसर्जनाचं कलम तर शब्द तोलून लिहा: संस्था बंद पडली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सारख्याच उद्देशाच्या दुसऱ्या ना-नफा संस्थेला जाईल. ‘सभासद ठरवतील त्याप्रमाणे’ असं लिहिलं की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

कायद्याप्रमाणे खात्याने दोन महिन्यांत अर्ज तपासायचा असतो. त्रुटी निघाली तर लेखी कळवतात आणि दुरुस्तीला महिनाभर देतात.

करसवलत: इथे उद्देशाची भाषा महत्त्वाची

एनपीओ क्रमांक मिळाला म्हणजे करमाफी मिळाली असं नाही. त्यासाठी ‘सार्स’ या महसूल यंत्रणेकडे ईआय-1 अर्ज करून पीबीओ (सार्वजनिक हिताची संस्था) हा दर्जा घ्यावा लागतो. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, संस्थेची आयकरमाफी वेगळी आणि देणगीदाराची वजावट वेगळी, तसंच हे. अट अशी की विश्वस्त म्हणून जबाबदारी घेणारे किमान तिघे एकमेकांचे नातेवाईक किंवा अन्य प्रकारे संबंधित नसावेत, आणि निर्णय एकट्याच्या हातात नसावेत. नवरा, बायको आणि मेहुणा अशी समिती तिथे चालत नाही.

देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी कलम 18ए ची मान्यता ही त्यापुढची पायरी. आयकर कायद्याच्या नवव्या परिशिष्टात हौशी खेळांचा प्रसार पहिल्या भागात आहे, दुसऱ्या भागात नाही, आणि 18ए मिळते ती दुसऱ्या भागातल्या कामांना. म्हणजे घटनेत ‘सायकलिंग क्लब चालवणे’ लिहिलंत तर करमाफी मिळू शकेल, पण देणगीदाराला पावतीचा उपयोग नाही. ‘बेरोजगारांना नोकरीयोग्य प्रशिक्षण’ आणि ‘गरीब वस्त्यांत कौशल्यविकास’ ही कामं दोन्ही भागांत बसतात. काम खरोखर तेच करणार असाल तर तेच लिहा. भारतातून देणाऱ्याला मात्र 18ए पावतीवर इथल्या आयकरात काही सुटत नाही.

जुन्या सायकली आणि जागा

युरोपातून वापरलेल्या सायकलींचा कंटेनर मागवायचा तर माल जहाजावर चढण्याआधी आयटॅक या व्यापार आयोगाकडून वापरलेल्या वस्तूंचा आयात परवाना घ्या. नंतर बंदरात भाडं चढत राहतं. देशातच जुन्या सायकली घेऊन विकायच्या असतील तर 2009 च्या जुन्या वस्तूंच्या कायद्याखाली पोलिसांकडे विक्रेता म्हणून नोंदणी लागते आणि कोणाकडून काय घेतलं याची वही ठेवावी लागते. चोरीची सायकल दुकानात सापडली तर ही वहीच कामी येते.

रिकामा कंटेनर ठेवून त्यातच वर्कशॉप थाटण्याची पद्धत तिकडे रुळलेली आहे. जागा शाळेची असो की चर्चची, मालकाचं लेखी संमतिपत्र घ्या आणि तिथे धंदा चालतो का, हे नगरपालिकेत विचारा. टाउनशिपमधल्या व्यवसायांच्या नोंदणीसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये नमुना उपविधी राजपत्रात आला आहे. तुमच्या पालिकेने तो स्वीकारला आहे का, तेही त्याच खेपेत पाहून या.

प्रमाणपत्र आणि वार्षिक अहवाल

केंद्राने स्वतः छापलेलं प्रशस्तिपत्रक आणि राष्ट्रीय पात्रता चौकटीतलं प्रमाणपत्र यांत फरक आहे. दुसरं द्यायचं तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी करार करावा लागतो. पोरांना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे दुसरीकडे नोकरी मागताना त्यांचीच फसगत होते.

नोंदणीनंतर दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, कामाचा अहवाल, हिशेबपत्रकं आणि लेखा अधिकाऱ्याचा अहवाल खात्याला द्यावा लागतो. अनेक नोंदण्या याच कारणाने रद्द होतात. त्यामुळे देणगी देण्याआधी कोणी एनपीओचं प्रमाणपत्र दाखवलं, तर त्यावरची तारीख पाहून न थांबता गेल्या वर्षीच्या अहवालाची पोच मागा.