ऑपरेशननंतरचं दुखणं आणि सिस्टरचं काम

भूल उतरली की जे दुखणं सुरू होतं ते मोजायचं, कमी करायचं आणि कमी झालं का ते परत येऊन बघायचं, याला पुस्तकात वेदना व्यवस्थापन म्हणतात, वॉर्डात सगळे पेन मॅनेजमेंटच म्हणतात. डॉक्टर औषध लिहून राउंड संपवून जातात, रात्री दोन वाजता पेशंटजवळ असते ती सिस्टर. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सनं १९६८ साली मांडलं की पेशंट सांगेल तेच त्याचं दुखणं, आपण बाहेरून बघून ठरवायचं नाही.

आपल्या कोकणात अडतं ते इथेच, कारण माणसं सांगतच नाहीत. सिझेरियन, हर्निया, पिशवी काढलेली, आंब्याच्या सीझनला झाडावरून पडून मांडी मोडलेली, कोणालाही "कसं वाटतंय" विचारा, उत्तर येतं "वायच दुकता गो बाय", म्हणजे थोडंसंच दुखतंय. आणि बघावं तर आजीनं खाटेची दांडी मुठीत गच्च धरलेली, श्वास वरचेवर, खोकला आला तरी दाबून धरतेय. म्हणून पडल्या पडल्या विचारू नये, खोकायला लावून, कुशीवर वळायला लावून मग विचारावं. शून्य ते दहा आकडा जमत नसेल तर नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही एवढं पुरतं, लहान पोरांना चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. आकडा टीपीआरसारखाच (ताप, नाडी, श्वास) चार्टवर लिहायचा, आणि इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या तासानं, गोळीनंतर तासाभरानं परत विचारायचं. हे परत विचारणं सगळ्यात जास्त राहून जातं आणि माझ्या मते सुधारणा इथूनच सुरू व्हायला हवी.

दुसरी गोष्ट एसओएस ऑर्डरची. पेशंट मागेल तेव्हा द्या असं लिहिलं की न मागणारा रात्रभर कण्हत बसतो, त्यापेक्षा पहिले एकदोन दिवस ठरल्या वेळेला औषध बरं, तशी ऑर्डर डॉक्टरांकडून आठवणीनं लिहून घ्यावी. धडधाकट मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल सहा तासांनी १ ग्रॅम, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन ५० किलोच्या आत असेल तर कमी. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाआधी किडनी, अल्सर, दमा विचारायचा. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची जोरदार औषधं दिली असतील तर गुंगी आणि श्वास मोजायचा, मिनिटाला १० च्या खाली गेला किंवा पेशंट हाक मारून उठेना तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. मॉर्फिनला नातेवाईक सवय लागेल म्हणून घाबरतात, पण ऑपरेशननंतर थोडे दिवस, नजरेखाली दिलं तर ती भीती फार कमी. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या अटी २०१४ च्या दुरुस्तीनं सैल केल्या त्या मॉर्फिनसारख्या वेदनेच्या औषधांसाठीच.

दुखणं दाबून खोकला अडवला की कफ साठून न्यूमोनिया होतो, न चालल्यानं पायात रक्ताची गुठळी होते. पोटावर टाके असतील तर उशी घट्ट धरून खोकायला शिकवावं, याला पैसा लागत नाही. मात्र औषध देऊनही दुखणं वाढतच चाललं, प्लास्टरमधल्या पायाची बोटं ताणली की किंचाळायला होतंय, बोटं बधिर वाटतायत, तर पुढचा डोस देत न बसता त्याच मिनिटाला डॉक्टरांना उठवायचं.