तीन तासांचा चित्रपट आणि तुरट वाइन

कोणत्या गाजलेल्या चित्रपटासोबत कोणती वाइन घ्यावी, हे सांगणाऱ्या याद्या समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. ‘द गॉडफादर’ (1972) या चित्रपटासाठी सिसिलीतील नेरो दाव्होला ही भरदार रेड वाइन सुचवली जाते, कारण कथेतील कॉर्लिओने हे गाव सिसिलीतले आणि द्राक्षाचे वाणही तिथलेच. परंतु हा चित्रपट सुमारे 175 मिनिटे चालतो आणि एवढा वेळ घोटाघोटाने घेतलेली वाइन तोंडात काय करते, हा प्रश्न मला गावापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

व्हाइट वाइन करताना द्राक्षाचा रस सालींपासून लवकर वेगळा करतात, तर रेड वाइनचा रस साली आणि बियांसह आंबवला जातो. त्यामुळे साली-बियांतील टॅनिन ही तुरट रसायने वाइनमध्ये उतरतात. कोरा चहा, कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तीही याच कुळातील रसायनांमुळे. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला आहे. आजचे शरीरशास्त्र मात्र त्याकडे प्रामुख्याने स्पर्शाची संवेदना म्हणून पाहते.

ही संवेदना निर्माण होण्याची रीत विलक्षण सुंदर आहे. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेली प्रथिने असतात. प्रोलीनची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असल्यामुळे ही प्रथिने नेहमीसारखी घट्ट गुंडाळली जात नाहीत, तर सैल आणि पसरट राहतात. टॅनिनच्या रेणूतील सपाट वलये प्रोलीनच्या वलयांवर नेमकी टेकतात आणि हायड्रोजन बंध ती पकड पक्की करतात. टॅनिनचा रेणू लांब असेल तर तो एकाच वेळी दोन-तीन प्रथिनांना धरतो, त्यांचे पुंजके होतात आणि अखेर ते साक्याच्या रूपाने लाळेतून वेगळे पडतात. जीभ आणि टाळू यांच्यामधले वंगण असे नाहीसे झाले की घर्षण वाढते आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटू लागते. उंदरांना टॅनिनयुक्त आहार दिल्यास त्यांच्या लाळेत अशी प्रथिने वाढतात. टॅनिन या वनस्पतींच्या बचावास्त्राला प्राण्यांनी दिलेले हे उत्तर असावे, असे मानले जाते.

लाळ पुन्हा जमायला वेळ लागतो. त्यामुळे घोट लागोपाठ घेतले तर तुरटपणा चढत जातो आणि पहिल्या प्रसंगाला मोहक वाटलेली वाइन मध्यंतरापर्यंत नकोशी होऊ शकते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले की, सौम्य तुरट पेयाचाही परिणाम घोटागणिक वाढतो आणि स्निग्ध मांसाच्या घासांमध्ये असे पेय घेतल्यास तोंडातला तेलकटपणा पाण्यापेक्षा अधिक कमी होतो.

रेड वाइनमधील रेस्व्हेराट्रॉल हे रसायन हृदयाचे रक्षण करते, हा प्रचार मात्र कोणी मनावर घेऊ नये. एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

तरीही ज्यांना या चित्रपटासोबत एखादा पेला घ्यायचाच आहे, त्यांनी कोरड्या पॉपकॉर्नऐवजी मुरवलेले चीज जवळ ठेवावे. त्यातील केसीन हे प्रथिनही प्रोलीनने समृद्ध असते. टॅनिन त्याला जाऊन बिलगतात आणि लाळेतली प्रथिने तेवढी शाबूत राहतात.