वेलदोड्याची सालं आणि भेटीची साखर

वेलदोडे सोलून दाणे कुटले की सालं फेकायची नाहीत, चहाच्या साखरेच्या डब्यात टाकायची. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ही सवय आहे. चार-आठ दिवसांनी डबा उघडला की साखरेलाच वास येतो. आता दिवाळीला किंवा संक्रांतीच्या वाणात कुणी घरी केलेली गुलाबाची, केशराची, मोसंबीच्या सालीची साखर छोट्या बरणीतून देतं, तेव्हा ती नव्या जमान्याची वस्तू वाटते. पण तिचं मूळ या डब्यात आहे, आणि त्याच्याही बरंच मागे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासूनचे पाच पदार्थ सांगितले आहेत: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. काकवीसारख्या पातळ पदार्थापासून दाणेदार साखरेपर्यंतची ही उतरंड. त्यातला ‘खंड’ आपल्या खांडसरीत आणि खडीसाखरेत अजून ऐकू येतो. हाच शब्द पश्चिमेकडं गेला, तिथं ‘कंद’ झाला आणि फारसीतून परत आला तो गुलाबाला सोबत घेऊन. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. गुलकंद हा आपल्या घरातला वास लावलेल्या साखरेचा सगळ्यात जुना नमुना म्हणायला हरकत नाही. देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत लावायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी उन्हात ठेवायची. पाकळीतलं पाणी साखर ओढून घेते, त्या पाण्यात स्वतः विरघळते आणि वास धरून ठेवते. ऊन तर इथं हवं तेवढं आहे.

देवगिरी पडल्यापासून १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपेपर्यंत, मधल्या सगळ्या उलथापालथींसह, या मुलखावर फारसी वळणाच्या राजवटी होत्या. त्यांची खूण गोडाच्या शब्दांतही राहिली. नवस फिटला की वाटतात ती शेरणी; तिच्या मुळाशी फारसीतला ‘शीरीं’, म्हणजे गोड. दर्ग्यात फातेहा झाल्यावर शेरणी वाटतात आणि गावाकडं नवसाचा गूळ वाटला तरी तिला शेरणीच म्हणतात. निकाह लागल्यावर खारका आणि खडीसाखर हातावर येते. आणि आपला साखरपुडा तर उघडच साखरेचा पुडा आहे. मुलीच्या हातात तो ठेवला की सोयरीक पक्की.

रोजचा गोडवा गुळाचा होता. चहासुद्धा गुळाचा. साखर पाहुण्याची, देवाची आणि सणाची. थोडकी मिळायची म्हणूनच तिला नटवायची रीत पडली, असं मला वाटतं. पसाभर साखर नुसती वाटली तर संपते. तिचा हलवा केला तर बाळाच्या अंगावर दागिना होतो.

हलव्याचं काम मी लहानपणी तासन् तास पाहिलं आहे. शेगडीवर मंद आच, वर परात, परातीत खसखस किंवा तीळ. एकतारी पाक थेंबाथेंबानं सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक जास्त पडला तर गोळा होतो, आच वाढली तर साखर पिवळी पडते. काटे एका बैठकीत येत नाहीत, काही दिवस लागतात. पौषातली कोरडी थंडी त्याला मानवते. कुणी पाकात केशर घालतं, कुणी वेलदोडा. पहिल्या संक्रांतीला सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला त्याच हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट. बोटं भाजून घेऊन कुणासाठी साखर नटवणं यापेक्षा मोठी भेट मला माहीत नाही.

फाल्गुनात गाठ्या येतात. हे मात्र कारागिराचं काम. साखरेच्या पाकात दूध टाकून मळी काढायची, लाकडी साच्यांत दोरा ठेवायचा आणि त्यावर पाक ओतायचा. थंड झाला की पदकांची माळ दोऱ्यासकट निघते. होळीला ती लेकरांच्या गळ्यात, पाडव्याला गुढीवर.

साखर घराघरांत आली ती कारखान्यांमुळं. हैदराबाद संस्थानात १९३७ मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली, आजच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडं. तिच्या वसाहतीचं नावच शक्करनगर. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला आणि पुढं मराठवाड्यातही कारखान्यांची धुराडी दिसू लागली. तरी बरीच वर्षं लोकांच्या बोलण्यात ‘कंट्रोलची साखर’ होती. कार्डावर मोजून मिळायची आणि सणासाठी बाजूला काढून ठेवली जायची. कारखान्यांकडून लेव्हीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या कमी दराची सक्तीची साखर घेणं २०१३ मध्ये बंद झालं.

या साखरेमागचे हात विसरता येत नाहीत. बीड आणि आसपासची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. ती गावी परततात तोवर पाडव्याचे दिवस आलेले असतात आणि बाजारात गाठ्या लटकलेल्या असतात.

बरणीतली आजची साखर करायला सोपी आहे. जालन्याची मोसंबी मिळाली तर वरची पिवळी सालच किसायची, आतला पांढरा भाग कडू लागतो. कीस साखरेत चोळला की सालीतलं तेल दाण्यांना लागतं. मग ताटात पसरून सावलीत वाळवायची, नाहीतर गठळ्या होतात. मार्च-एप्रिलच्या आमच्या हवेत ती लवकर वाळते. केशर मात्र आधी चमचाभर साखरेबरोबर खलात घोटावं, श्रीखंडाला घोटतो तसंच.

अशी बरणी शेजारच्या काकूंना दिली तर ती रिकामी परत यायची नाही. भांडं रिकामं देऊ नये, तळाला चिमूटभर साखर तरी घालावी, ही त्यांची जुनी शिस्त. मागच्या वेळी माझी बरणी आली तेव्हा तळाशी साखर होती आणि साखरेत वेलदोड्याची दोन सालं.