गॉथिक कॉलेज कादंबरी आली कुठून

गॉथिक कॉलेज कादंबरी म्हणजे कॉलेजच्या बंद आवारात घडणारी गूढ, भीतीची गोष्ट. भूत जुना वाडा सोडून कॉलेजात का येऊन बसलं हे कळायला आधी 'गॉथिक' या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. गॉथ म्हणजे रोमवर चालून गेलेल्या टोळ्या. सोळाव्या शतकात इटलीतली कलाजाणकार मंडळी टोकदार कमानींच्या जुन्या चर्चकडे बघून नाक मुरडत 'हे गॉथांचं रानटी काम' म्हणायला लागली, खरं तर त्या बांधकामाशी गॉथांचा काही संबंध नव्हता, म्हणजे हा शब्द आला तोच शिवी म्हणून. मग डिसेंबर १७६४ मध्ये इंग्लंडात एक कादंबरी आली, १५२९ मध्ये छापलेल्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर असल्याची बतावणी करून. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने कबूल केलं की हे माझंच, आणि उपशीर्षक दिलं 'गॉथिक कथा'. तेव्हापासून हा शब्द भीतीच्या गोष्टींना जो चिकटला तो आजपर्यंत. याच लेखकाने लंडनजवळ ट्विकनहॅमला किल्ल्यासारखं घर बांधलं होतं, आणि त्यातल्या एका दालनाचं नक्षीदार छत चक्क कागदाच्या लगद्याचं आहे. खोटं जुनेपण गॉथिकच्या रक्तातच आहे, आणि कॉलेजशी धागा जुळतो तो इथेच.

१८९० नंतर अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलेजांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजकडे बघून मनोरे, कमानी, बंदिस्त चौक बांधायला घेतले. न्यू हेवनमधली, म्हणजे येल विद्यापीठाच्या गावातली, १९३१ ची लायब्ररी बाहेरून मध्ययुगीन चर्च वाटते, आतल्या पुस्तकांच्या मनोऱ्याला मात्र स्टीलचा सांगाडा आहे. त्याच गावात १८३२ पासून विद्यार्थ्यांची एक गुप्त संस्था चालते, तिच्या इमारतीला सगळे थडगंच म्हणतात, आणि बायकांना तिथे आत जायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

पण माझ्या मते या कादंबऱ्यांचं खरं मूळ दगडात नाहीये, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आधी परीक्षा पास झालात की प्रवेश, एवढं सरळ होतं. मग मॅसॅच्युसेट्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात ज्यू मुलांचं प्रमाण वाढत एक पंचमांशाच्या पुढे गेलं तेव्हा १९२२ मध्ये तिथल्या प्रमुखांनी उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला. गदारोळ झाला, प्राध्यापकांच्या समितीने तो फेटाळला. आणि १९२६ मध्ये तीच गोष्ट मागच्या दाराने आली: पहिल्या वर्षाला साधारण १००० जागा, अर्जासोबत फोटो, आणि मार्कांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' बघणार. ज्यू मुलांचं प्रमाण खाली आलं. काहीजण अजूनही म्हणतात की सर्वांगीण निवड हा चांगला विचार होता, असेलही, पण तो ज्या कामासाठी वापरला गेला ते कागदावर आहे. तुम्हाला का घेतलं, का नाकारलं हे कोणी सांगणार नाही आणि निकष तुमच्या चेहऱ्यापर्यंत जाणार, यापेक्षा गॉथिक काय असतं? बंद खोली इथूनच सुरू होते.

नंतरचं बऱ्याच जणांना माहीतच आहे. १९९२ ची व्हर्मॉन्टमधल्या छोट्या कॉलेजची कादंबरी, ग्रीक शिकणारी मोजकी मुलं आणि एक खून, जो पहिल्याच पानावर कळतो. मग टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर 'डार्क अकॅडेमिया' नावाने ट्वीडचे कोट, मेणबत्त्या, जुनी पुस्तकं यांचे फोटो, आणि २०२० मध्ये सगळी कॉलेजं बंद असताना टिकटॉकवर त्याचा पूर. या लाटेत पोशाख राहिला आणि कोणाला आत घेतलं हा प्रश्न मागे पडला, हे मला खटकतं.

म्हणून मला अलीकडच्या कादंबऱ्या जास्त जवळच्या वाटतात, कारण त्यात सांगणारी व्यक्ती त्या चौकात आधी कधी नसलेली असते. २०२० मधल्याच एका कादंबरीत पेनसिल्व्हेनियाच्या रानात एक कॉलेज आहे, फी नाही, राहणं-खाणं फुकट, फक्त तीन वर्षं बाहेर जायचं नाही आणि घरच्यांशी संपर्क ठेवायचा नाही. दुसरीकडे कुठे जायला जागा नसलेली मुलगी ही अट मान्य करून आत जाते.