पुष्पपात्रातील फोम व गोंद काढणे

फुलांची सजावट उतरवल्यावर फुलदाणी, परडी, पितळी घंगाळ किंवा मातीचे भांडे पुन्हा वापरता यावे म्हणून त्यात चिकटवलेला फोम आणि त्याखालचा गोंद काढून टाकण्याची कृती. फोम सहज निघतो; खरी कसोटी गोंदाची. गोंद कोणता आहे आणि तो कशावर बसला आहे, हे न पाहता हाताशी असेल ते द्रावण ओतल्यानेच चांगली चांगली भांडी बिघडतात.

ताज्या फुलांसाठीचा हिरवा फोम फुलवाले ‘ओॲसिस’ या नावानेच ओळखतात. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनचा हा फोम अमेरिकेतील ओहायो राज्यात व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये आणला. त्यावर अंगठा दाबला की खड्डा पडतो, तो भरून येत नाही आणि बोटाला हिरवी भुकटी लागते. कोरडी भुकटी डोळ्यांना व घशाला त्रास देते, म्हणून ओॲसिस आधी भिजवावा, सुरीने त्याचे तुकडे पाडावेत आणि मग ते उचकटावेत. कृत्रिम फुलांखाली बहुधा थर्मोकोल असतो. तो ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) झटकन विरघळतो खरा, पण त्याचा चिकट लगदा होऊन भांड्याला नव्याने धरतो. त्यामुळे थर्मोकोल कोरडाच तोडून काढणे केव्हाही बरे. ॲसिटोन शेवटच्या पापुद्र्यापुरते ठेवावे.

ग्लू गनचा, म्हणजे वितळवून लावायचा, गोंद प्रामुख्याने इथिलीन-व्हिनिल ॲसिटेट या प्लास्टिकचा असतो. काच किंवा चकचकीत चिनी मातीवर त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलइतका सोपा उतारा नाही. कापसाच्या बोळ्याने गोंदाच्या कडेला थेंब सोडले, की अल्कोहोल गोंद आणि काच यांच्या मधल्या फटीत शिरते. मिनिटभराने कड नखाने उचलली तर आख्खा थेंब अखंड सुटून येतो. गोंद विरघळत नाही, त्याची पकड तेवढी जाते. बिनझिलईच्या मातीत मात्र तो छिद्रांत मुरलेला असतो. तिथे हेअर ड्रायरने मऊ करून लाकडी पट्टीने खरवडावा लागतो आणि थोडा डाग राहतोच. फेविकॉलसारखा पांढरा गोंद कोमट पाण्यात भिजून सैल होतो. फेविक्विकला ॲसिटोन लागते. एपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा गोंद, सर्वांत चिवट. उष्णतेने थोडी मऊ पडते, पुढचे काम धीराचे.

भांड्याचा पृष्ठभागही तितकाच महत्त्वाचा. ॲसिटोनने ॲक्रिलिकचे पात्र विरघळू लागते आणि पितळेवरचा लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, उतरतो. सावंतवाडीच्या लाखकामाला स्पिरिट लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोणतेही द्रावण प्रथम तळाशी, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. ॲसिटोन व अल्कोहोल दोन्ही ज्वालाग्राही आहेत. काम खिडकी उघडून, गॅसपासून दूर करावे. ड्रायर वापरायचा तर आधी द्रावण पूर्ण उडून जाऊ द्यावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

ओॲसिसचा चुरा मोरीत सोडणे सर्वथा चूक आहे. तो पाण्यात विरघळत नाही, सूक्ष्म प्लास्टिक म्हणून पुढे वाहत जातो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की जलचर हे कण गिळतात आणि त्यांतून पाझरणारी रसायनेही त्यांना बाधतात. भिजवलेले पाणी दाट कापडातून गाळून चुरा सुक्या कचऱ्यात टाकावा. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत या फोमवर बंदी घातली आहे. फोमऐवजी आता जाळीचा गोळा किंवा इकेबाना या जपानी पुष्परचनेतील खिळ्यांची बैठक, केन्झान, वापरतात. जड केन्झान स्वतःच्या वजनावर बसत असल्याने त्याला सहसा गोंद लागत नाही.